भविष्यकाळात जागा कोणाची?

इतिहास म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टींची हकीकत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पण माणसाने भविष्याची चित्रे कशी रंगविली, यालाही एक इतिहास आहे. अवकाशयानांचे पाठलाग आणि परग्रहांवरील युद्धे दाखविणारे अमेरिकन विज्ञानसाहसपट आपण घटकाभर करमणूक म्हणून पाहतो. मात्र त्या यानांत कोणाला बसविले आणि कोणाला वगळले, हे पाहू लागलो म्हणजे ते पट निर्माण करणारा समाजच आपल्यापुढे उभा राहतो.

१९३६ साली ‘फ्लॅश गॉर्डन’ ही चित्रपटमालिका निघाली. तिचा सोनेरी केसांचा गोरा नायक मोंगो ग्रहावरील जुलमी सम्राट मिंग याच्याशी झुंजतो. मिंग हा परग्रहवासी खरा. पण त्याचे नाव, पोशाख, लोंबत्या मिशा, सारे पौर्वात्य! आणि ती भूमिका केली चार्ल्स मिडलटन या गोऱ्या नटाने. खलनायकाचे रूप आशियाकडून घ्यावे, काम मात्र आशियाई माणसाला देऊ नये, असा हा व्यवहार होता.

तीस वर्षांनी, १९६६ मध्ये, दूरचित्रवाणीवर ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली. तिच्या यानाचे सुकाणू जपानी वंशाच्या जॉर्ज टाकेई यांच्या हाती होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने कुटुंबासह छावणीत डांबलेल्या मुलांपैकी ते एक. संदेशवहन सांभाळीत होत्या निशेल निकल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्री. आपण मालिका सोडण्याच्या बेतात असताना डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्याला परावृत्त केले, असे त्या सांगत. तो आग्रह व्यर्थ गेला नाही. १९९२ साली अवकाशात गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री डॉ. मे जेमिसन यांनी आपल्या प्रेरणांमध्ये त्या भूमिकेचा उल्लेख केला आहे.

परंतु याच उदार मालिकेने भारताच्या वाट्याला काय दिले? १९६७ च्या एका भागात खान नूनियन सिंग हा महाबलाढ्य हुकूमशहा आला. तो उत्तर भारतातील, बहुधा शीख असावा, असे कथेतच सुचविले आहे. त्याची भूमिका केली मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मॉन्टल्बान यांनी. १९८२ च्या ‘द रॅथ ऑफ खान’ या चित्रपटातही तेच होते. २०१३ साली ही भूमिका बेनेडिक्ट कंबरबॅच या इंग्रज नटाकडे गेली. मॉन्टल्बान यांना दोष देणे अन्यायाचे होईल. हॉलिवूडमधील आपल्या बांधवांची उपेक्षा दूर व्हावी म्हणून १९७० साली ‘नोसोत्रोस’ ही संस्था त्यांनीच काढली होती.

भारतीय कलावंत मिळतच नव्हता, असेही नाही. १९६५ च्या ‘मिस इंडिया’, मुंबईच्या पर्सिस खंबाटा, १९७९ च्या पहिल्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात होत्या. पण मस्तक मुंडवून, डेल्टा ग्रहावरील इलिया म्हणून. भारतीय पात्र परदेशी नटाला आणि भारतीय नटी परग्रहाला, अशी ही वाटणी!

यावर कोणी म्हणेल, परकायाप्रवेश हा तर नटाचा धर्मच आहे. मान्य, पण हे दार दोन्ही बाजूंनी उघडत होते काय? गोरा नट मिंग होऊ शके, खानही होऊ शके. आशियाई नटाला मात्र गोऱ्या नायकाची काया कोणी देऊ करीत नसे.

हा प्रवाह हळूहळू पालटतो आहे. २०१८ चा ‘ब्लॅक पँथर’ रायन कूगलर या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने केला. त्यातील विज्ञानसंपन्न राज्य आफ्रिकेतील आहे, आणि त्या राज्याची वेशभूषा व कलायोजना करणाऱ्या रूथ कार्टर आणि हॅना बीचलर या कृष्णवर्णीय स्त्रियांनी ऑस्कर पारितोषिके मिळविली. कथा रचणारे हात बदलले, तेव्हा पडद्यावरील उद्याचे जगही बदलले.

उद्याच्या यानात आपल्यासारखा चेहरा दिसला, म्हणजे लेकराला वाटते की तेथे आपल्यालाही जागा आहे. ती जागा कोणी कृपेने देईल, म्हणून वाट पाहावयाची, की आपली भविष्यकथा आपणच रचावयाची, याचा विचार आपण श्रोत्यांनी करावा.