तळटीप : कमानपाटे
मूळ मजकुरात ‘कमानपाटे’ (लीफ स्प्रिंग, म्हणजे एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या) हा शब्द नुसत्या स्प्रिंगच्या अर्थाने आला आहे. तेवढ्याने भागत नाही. अ‍ॅडम्ससारख्या मल्टीबॉडी (जोडलेल्या भागांच्या हालचालींचे गणित करणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये पाट्यांऐवजी एक उभी स्प्रिंग आणि एक डॅम्पर बसवून काम उरकता येते. पण उंबरमाळीवरून कसारा घाटात चढ-उतार करणाऱ्या टेम्पोचे पाटे भार पेलतात, अ‍ॅक्सल जागेवर धरतात आणि एकमेकांवर घासून हादराही जिरवतात. घाट उतरताना ब्रेक दाबला की अ‍ॅक्सल फिरू पाहतो आणि कमान इंग्रजी ‘एस’सारखी वाकते. उभ्या स्प्रिंगच्या गणितात हे वाकणे येतच नाही. म्हणून प्रत्येक पाट्याचे तुकडे पाडून ते लवचीक बीमने जोडायचे आणि पाट्यापाट्यांत घर्षण मांडायचे, हा खटाटोप.

असे प्रतिमान सोडवायला फार वेळ लागतो, हा आक्षेप खरा आहे. भरलेली गाडी किती बसते एवढेच पाहायचे असेल, तर सोपे प्रतिमान खुशाल वापरावे. मात्र बारीक खडीच्या धक्क्यांत घर्षणामुळे पाटे जवळजवळ सरकतच नाहीत आणि कमान जास्त ताठ वागते. मोठ्या खड्ड्यात तीच मऊ पडते. ताठरतेचा एकच आकडा दोन्हीकडे कसा चालेल? अर्थात घर्षण अंदाजाने भरले, तर बारकाईचे प्रतिमानही तितकेच चुकेल, कारण गंज आणि ग्रीस ते बदलत राहतात. त्यासाठी वापरातली कमान दाबयंत्राखाली भार चढवत-उतरवत मोजावी. आलेखावरच्या जाण्या-येण्याच्या दोन रेषांमधले अंतर घर्षणाचे माप देते.