जपानची जिन आणि आपला गुत्तेदार

पोस्ट दारूवर आहे, पण दारूची जाहिरात नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर आमच्या केजात सकाळी टाकलेल्या पोस्टवर संध्याकाळी चहाच्या टपरीवर उलटतपासणी होते.

पुण्याच्या भाच्यानं एका जपानी जिनच्या बाटलीचा फोटो पाठवला. 'कि नो बी' नाव. क्योतोतल्या छोट्या भट्टीत २०१६ पासून निघते. तांदळाच्या मद्यात युझू नावाचं लिंबू, सान्शो मिरी, ग्योकुरो चहा, हिनोकीचं लाकूड. ज्या त्या हंगामातला माल घ्यायचा, थोडाथोडा गाळायचा. जिनला जिनपण देणारं जुनिपरचं फळ आपल्या वैद्यांना नवं नाही, काष्ठौषधीच्या दुकानात ते हपुषा म्हणून मिळतं.

भाचा विचारतो, "मामा, आपल्याकडं असं का नाही?"

होतं की! मोहाची फुलं चैत्राच्या आसपास गळतात, ती वाळवून गाळायची. शिंदीचा रस तर गाळायचाही नसतो, थंडीत झाडाला खाच मारून रात्री मडकं लावायचं. पहाटे तो गोड नीरा, दुपारपर्यंत शिंदी. मग हे गेलं कुठं?

इंग्रजांच्या मुलखात १८७८ च्या अबकारी कायद्यानं गावोगावच्या भट्ट्या मोडल्या आणि गाळप मोजक्या ठेकेदारांच्या हाती आलं. १८९२ च्या मोहरा कायद्यानं तर ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं घरात ठेवण्यावरच बंधनं आली. दारू नाही, फुलं! आपला बीड जिल्हा निजामाकडं. तिथं अबकारी म्हणजे सरकारी तिजोरीचा मोठा आधार. झाड तुमच्या बांधावर असलं तरी रसावर हक्क सरकारचा, आणि तो लिलावात घेणार गुत्तेदार. गुत्ता म्हणजे मक्ता. आज आपण रस्ता करणाऱ्याला, नाली बांधणाऱ्याला 'गुत्तेदार' म्हणतो आणि दारूच्या दुकानाला 'गुत्ता'. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला याची गंमत वाटते. आपल्याला वाटत नाही, कारण आपण त्या राज्यातून आलोय.

म्हणूनच १९४७ मध्ये स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात मराठवाड्यात शिंदीची झाडं तोडली गेली. शाळेत आम्हाला ते दारूबंदीचं काम म्हणून सांगितलं. तेही होतंच, पण घाव निजामाच्या तिजोरीवर होता. एक झाड पडलं की तेवढा महसूल बुडाला. कुऱ्हाड चालवणाऱ्यांचं मला कौतुकच आहे, तरी नीरेचं झाडही त्यात गेलं याची हळहळ वाटते.

निजाम गेला, गुत्ता राहिला. गावची चव गेली आणि तिच्या जागी आली गूळ-नवसागराची हातभट्टी. तिनं किती घरं बसवली हे ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना विचारा. आपल्या कायद्यात गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी 'आडवी बाटली' केली तर परवान्याचं दुकान बंद होतं. तो हक्क मला जिनपेक्षा मोलाचा वाटतो. तेव्हा कुणी 'केज जिन'चा प्रस्ताव आणला तर मी आधी त्या बायांकडं बघीन.

पण भाच्याचा प्रश्न खोटा नाही. गोव्यानं काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं. बोंडं फक्त उन्हाळ्यात, म्हणून फेणीही हंगामी. जपान्यांसारखंच, फक्त बाटलीचा थाट कमी. आपल्या बीडच्या सीताफळालाही मानांकन आहे, २०१६ चं. धारूर-बालाघाटच्या डोंगरातलं ते फळ दोन दिवसांत पिकून मऊ होतं आणि शेतकरी मिळेल त्या भावात टोपली रिकामी करतो. त्याचा गर टिकवायचे कारखाने उभे करा, दारू नको. एवढं जरी झालं तरी भाच्याला फोटो पाठवायला माझ्याकडं काहीतरी असेल.

आमच्या ओढ्याकाठी एक शिंदीचं झाड अजून आहे. तुमच्या शिवारात शिंदीवरून पडलेलं एखाद्या मळ्याचं, ओढ्याचं नाव असेल तर खाली लिहा, गावासकट.