'अटॅच' डॉक्टरांची कुळकथा

कोल्हार-लोणी पट्ट्यात पेशंटचे नातेवाईक हमखास विचारतात, "ते सर्जन इथं अटॅच आहेत का?" रुग्णालयाचा पगार न घेता तिथे पेशंट दाखल करण्याचा, शस्त्रक्रिया करण्याचा हा हक्क डॉक्टरांकडे आला कसा?

त्याचं मूळ अठराव्या शतकातल्या इंग्लंडात आहे. देणग्यांवर चालणाऱ्या रुग्णालयांत नामवंत डॉक्टर गरिबांना फुकट तपासत. त्यातून प्रतिष्ठा मिळे आणि बाहेर श्रीमंत पेशंट. हे 'ऑनररी' डॉक्टर.

मुंबईत या पदाला स्वाभिमानाची धार आली. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी अडवलेल्या; हिंदी डॉक्टर कितीही शिकला तरी दुय्यमच. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी म्हणूनच नव्या महाविद्यालयाच्या देणगीला अट घातली: इथे शिकवतील ते सरकारी नोकरीत नसलेले, पात्र हिंदी डॉक्टरच. १९२५ साली जी. एस. मेडिकल कॉलेज आणि १९२६ साली त्याला जोडलेलं केईएम रुग्णालय सुरू झालं. डॉ. जीवराज मेहतांसारखा डीन लाभला. ऑनररींच्या पिढ्या इथे घडल्या.

हक्काला लेखी शिस्त लागली ती अमेरिकेत. तिथल्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेने शंभर वा त्याहून अधिक खाटांची ६९२ रुग्णालयं तपासली. कसोटीला उतरली फक्त ८९. १९१९ साली या यादीचा बोभाटा होण्याआधीच ती न्यूयॉर्कच्या हॉटेलातल्या भट्टीत जाळली गेली. पण कसोटी टिकली. स्टाफवर डॉक्टर घ्यायचा तो पदवीधर, परवानाधारक आणि सचोटीचा. नियमित बैठकीत झालेल्या उपचारांची झाडाझडती. प्रत्येक पेशंटचे कागद नीट. आणि फी वाटून घ्यायला सक्त मनाई. आपल्याकडे अशा वाटणीलाच 'कट' म्हणतात.

आज एनएबीएच हे दर्जाचं मानांकन घेणाऱ्या रुग्णालयाला प्रत्येक डॉक्टरची पात्रता पडताळून कोणाला काय करण्याची मुभा आहे, हे ठरवावं लागतं. माझं म्हणणं एवढंच, की मानांकन नसलं तरी तालुक्याच्या रुग्णालयांनी हे करावं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण झालं का, हे बघायला खर्च येत नाही. महिन्यातून एकदा सगळ्या डॉक्टरांनी दगावलेल्या पेशंटचे कागद समोर ठेवून बसायलाही खर्च येत नाही. पेशंट आपला जीव रुग्णालयाच्या भरवशावर टाकून येतो. ज्याच्या हाती त्याला सोपवायचं, तो डॉक्टर पारखून घेणं हे रुग्णालयाचं पहिलं काम आहे.