‘अझीज’ची नोकरी आणि फकिराचा जुब्बा

मराठीत गरीब म्हणजे ज्याच्याकडे पैसा नाही तो. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थ वेगळा. तिथे ‘गरीब’ म्हणजे परका, आपल्या मुलखापासून दूर आलेला माणूस. चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान मुहंमद बिन तुघलक याने हुकूम काढला होता की, बाहेरून आलेल्यांना ‘गरीब’ म्हणू नये, ‘अझीज’ म्हणावे. ‘गरीब’ म्हटल्याने परक्या माणसाचे मन मोडते. शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला फक्त ‘वेडा महंमद’ भेटतो, म्हणून ही बाजू सांगितली. ती आपल्यापर्यंत पोचली इब्न बतूतामुळे, जो स्वतः असा ‘अझीज’ होता.

इब्न बतूता म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो सतत चालणारा माणूस. १४ जून १३२५ रोजी, एकविसाव्या वर्षी, तो मोरोक्कोतल्या तांजियरहून हजसाठी एकटा निघाला आणि जवळजवळ पंचवीस वर्षे फिरत राहिला. हे खरेच आहे. पण या पंचवीस वर्षांतली सुमारे आठ वर्षे तो दिल्लीत पगारी नोकर होता, हे सहसा कुणी सांगत नाही. मला त्याच्या प्रवासापेक्षा ही नोकरी, आणि ती सुटली कशी, ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

१३३३ च्या सप्टेंबरात तो सिंधू नदीवर पोचला. तुघलकाला परदेशी माणसे हवी होती. खुरासानी, अरब, इराणी, कुणीही शिकलेला आला की त्याला पद, गावे, इनाम मिळे. अट एकच होती, राहायला आलात तरच या. मुलतानात काझी आणि साक्षीदार बसवून येणाऱ्यांकडून तसे लिहून घेतले जाई. आजच्या भाषेत करारपत्रच. व्यापाऱ्यांनीही यात धंदा शोधला होता. सुलतानाला नजराणा दिला की तो कित्येक पटींनी परत करतो, हे सगळ्यांना माहीत होते. म्हणून ते नव्या पाहुण्याला नजराण्याचे घोडे, उंट, कपडे उधार देत आणि सुलतानाकडून मिळाले की वसूल करत. म्हणजे नोकरी लागण्याआधीच माणूस कर्जात.

इब्न बतूताला दिल्लीचा काझी नेमले, सालाना १२,००० दीनारांवर. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की मी मालिकी, इथले लोक हनफी, शिवाय मला इथली भाषा येत नाही. सुलतानाने हाताखाली दोन नायब दिले. काम ते करणार, पगार हा घेणार! पुढे कुतबुद्दीन मुबारकशाहच्या मकबऱ्याची व्यवस्थाही त्याच्याकडे आली. एवढे असून त्याच्यावर ५५,००० दीनारांचे कर्ज झाले. ते फेडावे म्हणून त्याने सुलतानाच्या स्तुतीत अरबी कसीदा रचला, तगादा लावला, आणि शेवटी सुलतानाने ते फेडले.

रत्नागिरी-रायगडकडच्या वाचकांना हे चित्र अनोळखी वाटू नये. आखातात गेलेला कुणीतरी आपल्याकडे घरोघरी असतो. कर्ज फिटले की येतो, घराचा स्लॅब पडला की येतो, बहिणीचे लग्न झाले की कायमचा येतो. करार संपतो, पुन्हा होतो. तिकडचे कुणी जुलमी सुलतान नसतात. पण पगार सोडणे किती अवघड, हे समजायला सुलतान लागतही नाही.

इब्न बतूता सुटला तो हिमतीने नाही, भीतीने. शेख शिहाबुद्दीन नावाचे एक बुजुर्ग सुलतानाची चाकरी नाकारत आले होते. त्यांनी दिल्लीबाहेर जमिनीखाली गुहेसारखे घर खोदले होते, आणि ते बघायला इब्न बतूता एकदा गेला. नुसता बघायला. पुढे शेखने सुलतानाला तोंडावर जालीम म्हटले, त्याचे हाल झाले, आणि त्याला कोण कोण भेटायला जात होते याची चौकशी सुरू झाली. त्यात काझीसाहेबांचे नाव निघाले. चार गुलामांचा पहारा त्याच्यावर बसला. असा पहारा बसलेला माणूस बहुधा वाचत नसे. पहिल्याच दिवशी त्याने ‘हसबुनल्लाहु व निअमल वकील’ ३३,००० वेळा म्हटले. पाच दिवस फक्त पाण्यावर रोजा, रोज एक कुरआन पूर्ण. शेखचा शिरच्छेद झाल्यावर त्याला सोडण्यात आले.

मग मात्र त्याने नोकरी सोडली. जवळचे सगळे फकिरांना आणि गोरगरिबांना वाटून टाकले, एका फकिराचे कपडे स्वतः घातले, आणि कमालुद्दीन अब्दुल्लाह या गुहेत राहणाऱ्या साधूपुरुषाजवळ पाच महिने राहिला. सुलतान तेव्हा सिंधमध्ये होता. त्याने बोलावले, तेव्हा हा फकिरी वेशातच गेला. सुलतान मायेने बोलला, पुन्हा रुजू हो म्हणाला. याने नकार दिला आणि हजची परवानगी मागितली. ती मिळालीही.

इथेच गोष्ट संपली असती तर ती सुंदर दिसली असती. पण चाळीसेक दिवसांनी सुलतानाकडून खोगीर घातलेले घोडे, दासी, गुलाम, उंची कपडे आणि पैसे आले. निरोप होता: तुला फिरायची आवड आहे हे मी जाणतो, माझा वकील म्हणून चीनच्या बादशहाकडे जा. आणि तो तयार झाला!

माझ्या मते पुढची कबुली त्याच्या सगळ्या ‘रिहला’तली सगळ्यात खरी जागा आहे. एकांतात असताना तो निळ्या रंगाचा, कापूस भरलेला सुती जुब्बा घालत असे. सुलतानाचे कपडे चढवताना तो उतरवला, तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्या जुब्ब्याकडे पाहिले की आत उजेड जाणवे, असे तो सांगतो. तो त्याने टाकला नाही, सामानात बांधून घेतला.

२२ जुलै १३४२ रोजी काफिला दिल्लीहून निघाला. भेटीदाखल शंभर घोडे होते, शंभर गुलाम आणि शंभर नाचगाणे करणाऱ्या स्त्रियाही. माणसे भेटवस्तूंच्या यादीत घोड्यांशेजारी येतात आणि लिहिणाऱ्याला त्यात काही खटकत नाही, हे नजरेआड करू नये. कोल, म्हणजे आजच्या अलीगढजवळ तो लुटारूंच्या हाती सापडला, अंगावरच्या विजारीनिशी काही दिवस रानोमाळ भटकला. शेवटी दिलशाद नावाच्या अनोळखी माणसाने त्याला पाठीवर उचलून गावापर्यंत आणले. तिथून दौलताबाद. तिथली द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, हे त्याने टिपले. नंदुरबारला मराठे राहतात, ते कारागिरीत, वैद्यकीत आणि ज्योतिषात निपुण आहेत, जेवणाआधी आंघोळ करतात, दारू पीत नाहीत, असेही लिहिले. आपल्या मुलखाबद्दलचा हा मजकूर छोटा असला तरी पाहुण्याच्या आदराने लिहिलेला आहे.

कालिकतला जहाजात सामान चढले. जुम्माची नमाज पढायला तो किनाऱ्यावर थांबला आणि रात्री वादळ आले. भेटवस्तूंचे जहाज फुटले. त्याची माणसे आणि सामान असलेले दुसरे जहाज त्याला न घेताच निघून गेले. त्या जहाजावर त्याच्यापासून गरोदर असलेली एक दासी होती. ती वारल्याचे त्याला पुढे कळले. किनाऱ्यावर त्याच्याजवळ उरले होते ते झोपायचे जाजम आणि दहा दीनार.

आता तो खरा ‘गरीब’ झाला, अरबीतही आणि मराठीतही. दिल्लीला परतावे असे मनात आले, पण भेटवस्तू सोडून किनाऱ्यावर का राहिलास, असे सुलतानाने विचारले तर? तो गेला नाही. आज पाठीवर पिशवी टाकून जग बघायला निघणाऱ्यांचा त्याला आद्य पुरुष म्हणतात. त्याची ती पिशवी इथे, नाइलाजाने, पाठीवर आली. मालदीवमध्ये पुन्हा काझीपद मिळाले, पुन्हा वजिराशी बिनसले, पुन्हा निघाला. पुढे मलबारच्या समुद्रात चाच्यांनी अंगावरच्या विजारीखेरीज सारे काढून घेतले. निळा जुब्बा तेव्हा गेला असे दिसते. आता कालिकतला फक्त जाजम उरले होते, तर जुब्बा कुठून आला, हा प्रश्न पडतोच. ‘रिहला’ १३५५ मध्ये इब्न जुझय्यने त्याच्या तोंडून लिहून घेतला, त्यात असे विसंवाद बरेच आहेत. चीनच्या भागावर तर अनेक अभ्यासकांचा विश्वास नाही. जुब्ब्यावर माझा आहे.

दिल्लीत त्याने हूरनसब नावाच्या बाईशी लग्न केले होते. ती रात्री जागून इबादत करणारी होती. तिला वाचता येत असे, लिहिता येत नसे. तिच्यापासून एक मुलगी होती. त्या दोघींचे काय झाले ते मला ठाऊक नाही, एवढेच तो म्हणतो. मालदीवमध्ये सोडलेल्या मुलाला तो पुन्हा पाहून आला, तेव्हा मूल दोन वर्षांचे होते. ते आईजवळच राहू दिले आणि पाच दिवसांत निघाला. १३४८ मध्ये दमास्कसला पोचला तेव्हा कळले की वीस वर्षांपूर्वी तिथे सोडलेला मुलगा केव्हाच वारला, आणि तांजियरला वडीलही पंधरा वर्षांपूर्वी गेले. १३४९ मध्ये मोरोक्कोत शिरल्यावर आईची बातमी आली. ती प्लेगमध्ये वारली होती. तो तांजियरला गेला, तिच्या कबरीवर फातेहा पढला, मग सबताला तीन महिने आजारी पडून राहिला. बरा झाल्यावर पुन्हा निघाला, या वेळी अंदालुसला.