ओटीपोटावरील किरणोपचारानंतरचा मज्जातंतूविकार

ओटीपोटावरील किरणोपचारानंतरचा मज्जातंतूविकार हा कर्करोगावरील किरणोपचाराचा, म्हणजे रेडिओथेरपीचा, विरळ परंतु दीर्घकाळ टिकणारा दुष्परिणाम आहे. गर्भाशयमुख, गर्भाशय, मलाशय, पुरःस्थ ग्रंथी इत्यादींच्या कर्करोगावर असे उपचार केले जातात. हा विकार उपचारानंतर काही महिन्यांनी, बहुधा काही वर्षांनी आणि क्वचित दशकांनंतरही उद्भवतो.

कारण

कंबरेच्या मणक्यांतून निघणारे मज्जातंतू ओटीपोटाच्या मागील भागात एकत्र येऊन जाळे बनवतात व तेथून पायांकडे जातात. किरणांमुळे या जाळ्याभोवती तंतुमय ऊती वाढते, सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि मज्जातंतूंचा ऱ्हास होतो. ही प्रक्रिया संथ असल्याने लक्षणे उशिरा दिसतात. किरणांची एकूण मात्रा व प्रत्येक वेळची मात्रा जास्त असल्यास धोका वाढतो.

लक्षणे

पायांत बधिरता, मुंग्या व हळूहळू वाढणारा अशक्तपणा ही मुख्य लक्षणे होत. बहुधा दोन्ही पाय कमीअधिक प्रमाणात बाधित होतात. पाऊल उचलता न आल्याने चालताना ठेच लागते. पुढे स्नायू रोडावतात. मलमूत्रावरील नियंत्रण क्वचित बिघडते.

निदान

कर्करोग उलटल्यासही अशीच लक्षणे दिसू शकतात. मात्र त्यात सहसा तीव्र वेदना आधी आणि बहुधा एकाच बाजूला सुरू होते. किरणजन्य विकारात अशक्तपणा ठळक असून वेदना आरंभी कमी असते. हा भेद निर्णायक नसल्याने एमआरआय तपासणी आवश्यक ठरते. स्नायूंच्या विद्युत्‌ आलेखात आढळणारी विशिष्ट थरथर किरणजन्य इजा सूचित करते. मधुमेह, मणक्यातील चकती सरकणे आणि सिसप्लॅटिनसारखी औषधे ही कारणेही तपासावी लागतात.

उपचार

झालेली इजा भरून काढणारा सिद्ध उपचार उपलब्ध नाही. व्यायामोपचार, पावलाला आधार देणारी पट्टी, तसेच वेदनेसाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन यांचा उपयोग होतो. बधिर पावलांना जखम वा चटका लागू नये म्हणून पादत्राणे वापरणे व पाय रोज तपासणे हितावह असते.

धाराशिव परिसरातील संदर्भ

तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात 52 ग्रामसमूहांतील 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा समावेश होता. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र व बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय त्यात सहभागी होते. एचपीव्ही विषाणूच्या एका तपासणीने या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. रोग लवकर आढळल्यास अनेकदा किरणोपचाराची गरजच टळते. मात्र ज्यांना तो घ्यावा लागतो, त्यांची देखरेख दीर्घकाळ चालणे आवश्यक असते. वाशी तालुक्यातील तेरखेड्यासारख्या गावांत अनेक वर्षांनी पाय अशक्त झाल्यास तो वार्धक्याचा किंवा कंबरदुखीचा भाग समजला जाण्याची शक्यता असते. म्हणून उपचाराची कागदपत्रे जपणे आणि पूर्वीच्या किरणोपचाराची माहिती डॉक्टरांना देणे निदानासाठी महत्त्वाचे ठरते.