पाईपवाल्या मित्राची जीभ आणि स्टीफनचा डुलका

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना जे 'अं', 'म्हणजे' आले ते बरेचसे काढलेत, उरलेले गोड मानून घ्या.)

आजचा एपिसोड एका व्हॉट्सॲप फोटोपासून सुरू होतो.

माझा एक कॉलेजचा मित्र, सध्या न्यू जर्सीत. नाव नको, आपण त्याला पाईपवाला म्हणू. तीन वर्षांपूर्वी त्याने फोटो पाठवला : टेबलावर मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा पाईप. हो, खरंच बुरकुंडाचाच. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात १८६९पासून असे पाईप बनतात, स्वस्त असतात, म्हणून नवशिके तिथूनच सुरुवात करतात. शेजारी तंबाखूची पुडी, व्हॅनिलावाली. खाली मेसेज : "अरे, घरभर केक भाजल्यासारखा वास सुटलाय!"

मी ओढत नाही, आणि हा एपिसोड ऐकून कोणी सुरू करावं असंही नाही. पाईपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हा एक लाडका गैरसमज आहे. तोंडाचा, घशाचा कॅन्सर पाईपनेही होतो. हे त्यालाही सांगून झालंय. पण तीन वर्षांत त्याची आवड ज्या क्रमाने बदलत गेली ना, तो क्रम मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून फारच गमतीचा वाटला. त्याला वाटत होतं की आपण हळूहळू 'मूळ', 'शुद्ध' तंबाखूकडे चाललोय. तो पोचला भलतीकडेच.

तर पहिला टप्पा, व्हॅनिला. बाजारात चेरी, चॉकलेट, रम, मेपल असे वास असतात, यांना 'ॲरोमॅटिक' म्हणतात. यातली पत्ती बऱ्याचदा असते बर्ली जातीची. १८६४मध्ये ओहायो राज्यातल्या ब्राउन काउंटीत, केंटकीहून आणलेल्या बियाण्यातून काही रोपं विचित्र फिकट रंगाची उगवली. तीच पुढे 'व्हाइट बर्ली' झाली. ही पत्ती गोठ्यासारख्या उंच, हवेशीर कोठारात कित्येक आठवडे नुसती टांगून वाळवतात. पान सावकाश मरतं, आणि मरता मरता आपल्यातली साखर स्वतःच खाऊन टाकतं. म्हणून बर्ली चवीला कोरडी, पण स्पंजासारखी. वरून जे ओताल ते पिते. मग तिला काय काय पाजलं? साखरेचा पाक, कोको आणि चक्क ज्येष्ठमध! आजी खोकल्यावर चघळायला द्यायची तो. अमेरिकेत एके काळी आयात होणाऱ्या ज्येष्ठमधाचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे तंबाखूचे कारखाने.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. हुक्क्याच्या तंबाखूत गूळ किंवा काकवी घालायची रीत आपल्याकडेही जुनीच, 'गुडाखू' या शब्दातच गूळ बसलाय.

पाईपवाल्याचा सहाव्या महिन्यातला मेसेज : "वास शेजाऱ्यांना, मला नुसती भाजलेली जीभ." ही तक्रार बहुतेक नवशिक्यांची. गोड, ओलसर तंबाखू नीट जळत नाही. माणूस जोरजोरात झुरके मारतो, गरम वाफ जिभेवर येते, आणि व्हॅनिला राहतो खोलीत.

मग आला दुसरा टप्पा. काळी कुळकुळीत पत्ती, डबीवर 'इंग्लिश मिक्श्चर'. मेसेज : "पहिल्या दिवशी वाटलं टायर जाळतोय. चौथ्या दिवशी गावच्या चुलीसमोर बसल्यासारखं वाटलं." ही पत्ती लटाकियाची. लटाकिया हे सीरियाच्या भूमध्य किनाऱ्यावरचं बंदर. तिथल्या डोंगरात तंबाखूची पानं लाकडाच्या धुरात काळी होईपर्यंत धुरवायचे. याचा शोध कसा लागला? एक दंतकथा सांगतात की एका वर्षी माल विकला गेला नाही, शेतकऱ्यांनी तो घराच्या आढ्याला टांगून ठेवला, आणि हिवाळाभर खालच्या चुलीचा धूर खाऊन तो असा झाला. दंतकथा म्हणून छान आहे, पुरावा मागू नका. पुढे हे काम मुख्यतः सायप्रसला गेलं. आज डबीत जो लटाकिया मिळतो तो बहुतेक तिथला.

पण सीरियाची पत्ती 'इंग्लिश' कशी झाली? इथे कर आणि कायदा येतो. ब्रिटनमध्ये तंबाखूच्या आयातीवर वजनावर जकात होती. व्यापारी काय करायचे, जकात भरलेल्या तंबाखूत काकवी, साखर, कसलीकसली पानं मिसळून वजन वाढवायचे. म्हणजे काकवी विकायची तंबाखूच्या भावात, आणि सरकारला त्यातली दमडी नाही! १८४२च्या कायद्याने ही भेसळ जवळजवळ बंद केली. नंतर थोड्या सवलती आल्या, पण बाहेरून गोडवा ओतायला तिथे बराच काळ मोकळं रान मिळालं नाही. मग चवीत विविधता आणायची कशी? तर वेगवेगळ्या देशांची पत्ती एकत्र करून. अमेरिकेची पिवळी, तुर्कस्तानची बारीक सुगंधी, सीरियाची काळी. आपण ज्याला लंडनच्या क्लबातली खानदानी चव समजतो, तिच्यामागे एक जकात अधिकारी उभा आहे.

१९०७मध्ये आल्फ्रेड डनहिलने लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान काढलं आणि ही मिश्रणकला शिंप्याच्या धंद्यासारखी चालवली. प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप वेगळं! कोणाला किती लटाकिया, किती व्हर्जिनिया, ते नंबर टाकून वहीत लिहून ठेवायचं. त्यातलंच 'माय मिक्श्चर ९६५' पुढे जगभर डबीबंद विकलं गेलं. आता डनहिलच्या नावाचा पाईपचा तंबाखूच बंद झालाय, तीच मिश्रणं पीटरसन या आयरिश नावाखाली मिळतात. पाईपवाल्यांच्या जगात यावर जे रडगाणं झालं ते ऐकण्यासारखं आहे, पण आज नको.

मध्येच लुइझियानाच्या सेंट जेम्स परगण्यातली 'पेरीक'ही त्याने चाखली. पिंपात दाबून, आपल्याच रसात वर्षभर मुरवलेली पत्ती. चोक्टॉ लोकांची ही रीत मानतात. मिश्रणात चिमूटभरच घालतात. त्याचं वर्णन : "लिंबाच्या जुन्या लोणच्याचा खार." बास, यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही.

आता तिसरा टप्पा, ज्यासाठी हा एपिसोड केला. मागच्या दिवाळीत फोटो आला : चपट्या, सोनेरी वड्या, नुसता व्हर्जिनिया, दाबून कापलेला. मेसेज लांबलचक. सारांश असा : "आता कळलं. वास नको, धूर नको. ही नैसर्गिक गोडी बघ. मधासारखी, वाळलेल्या गवतासारखी. चारशे वर्षांपूर्वी लोक हेच ओढत असणार."

मी म्हटलं, थांब. नाही.

चारशे वर्षांपूर्वीचं आधी बघू. इंग्रज व्हर्जिनियात उतरले तेव्हा तिथले पोव्हाटन लोक ओढायचे ती वेगळीच जात, निकोटियाना रस्टिका. उग्र, इंग्रजांना न मानवणारी. १६१२च्या सुमारास जॉन रॉल्फने स्पॅनिश मुलखातल्या गोडसर जातीचं बियाणं मिळवून जेम्सटाउनला लावलं. १६१७मध्ये तिथून इंग्लंडला सुमारे २०,००० पौंड तंबाखू गेला. १६१९मध्ये त्याच वसाहतीत पहिले गुलाम आफ्रिकी लोक उतरवले गेले, आणि पुढे दीर्घकाळ तिथला तंबाखू मुख्यतः गुलाम आफ्रिकी लोकांच्या हातांनी पिकला. तेव्हाचं पान वाळून तपकिरी, गडद व्हायचं. सोनेरी वगैरे काही नाही.

सोनेरी रंग आला १८३९मध्ये. नॉर्थ कॅरोलिनातली केसवेल काउंटी, अबिशा स्लेड या जमीनदाराचं शेत. तिथे स्टीफन नावाचा एक तरुण गुलाम होता, कामाने लोहार. त्या रात्री तंबाखूच्या कोठारातली शेकोटी सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. पावसाळी रात्र, ऊब, पोराला डुलका लागला. जाग आली तर विस्तव विझत आलेला, लाकडं ओली. आता कल्पना करा, गुलामाच्या हातून मालकाचं पीक बिघडलं तर काय होईल. तो धावत भट्टीकडे गेला, लोहारकामासाठी केलेला कोळसा आणला आणि निखाऱ्यांवर टाकला. एकदम, झटक्यात, कोरडी उष्णता वाढली. आणि वर टांगलेली पानं पिवळीधमक झाली. गडद नाही, हळदीसारखी पिवळी.

ही हकीकत स्टीफनने स्वतः म्हातारपणी, स्वतंत्र झाल्यावर, १८८६मध्ये सांगितल्याची नोंद आहे. त्या पिवळ्या मालाला नेहमीच्या कित्येक पट भाव आला. पुढे ही रीत नीट बसवून इतर शेतकऱ्यांना शिकवली ती अबिशा स्लेडने, म्हणून नावही झालं त्याचं. स्टीफनला त्यातलं काय मिळालं असेल हे मी वेगळं सांगायला हवं का?

विज्ञान अगदी सोपं आहे. मघाशी बर्लीचं सांगितलं ना, पान हळू मरताना साखर खाऊन टाकतं? इथे उलट. पान पिवळं होतंय, त्यातल्या स्टार्चची साखर होतेय, आणि नेमक्या त्या क्षणी उष्णता देऊन त्याला मारून टाकायचं. साखर आतच अडकते. पुढे कोळशाऐवजी कोठारात पत्र्याचे नळ फिरवून कोरडी उष्णता देऊ लागले, पण तत्त्व तेच. म्हणजे माझ्या मित्राची ती 'नैसर्गिक' गोडी ही एका घाबरलेल्या पोराच्या कोळशाची गोडी आहे. व्हॅनिलाइतकीच माणसाने केलेली, फक्त बाटलीतून न ओतलेली.

आणि गोष्ट इथे थांबली असती तर बरं झालं असतं. जुन्या, गडद पत्तीचा धूर अल्कलीधर्मी, घशाला झोंबणारा. तो तोंडातच ठेवायचा, निकोटिन तिथल्या तिथे रक्तात जातं. साखर असलेल्या पिवळ्या पत्तीचा धूर आम्लधर्मी, मऊ. घसा तक्रार करत नाही. तो सरळ छातीत ओढता येतो, नव्हे, ओढल्याशिवाय नीट 'लागत' नाही. १८८१मध्ये जेम्स बॉन्सॅक या तरुणाला सिगारेट वळणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं. हाताने वळणारा कामगार मिनिटाला चारेक सिगारेटी करायचा, हे यंत्र दोनशेच्या आसपास. ते चालवून दाखवलं ड्यूक कंपनीने, डरहम गावात, केसवेलपासून फार लांब नाही. मऊ धूर आणि स्वस्त कांडी एकत्र आली, आणि फुप्फुसाचा कॅन्सर, जो तोवर डॉक्टरांनाही क्वचित दिसणारा आजार होता, तो विसाव्या शतकात घरोघरी माहीत झाला. हा दोष स्टीफनचा नाही, हे सांगायची गरज नाही. त्याने फक्त विझणारी आग वाचवली.

हे सगळं मी पाईपवाल्याला एका मोठ्या व्हॉइस नोटमध्ये पाठवलं. दोन दिवस गप्प. मग म्हणाला, "ठीक. पण आपल्याकडे कधी आला रे हा?"

याला उत्तर आहे, आणि ते दख्खनचं आहे. १६०४च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारातून परतला, तेव्हा त्याने तिथे मिळालेला तंबाखू आणि रत्नजडित नळी बादशहासाठी नेली. उत्तरेत ही वस्तू त्याने कधी पाहिली नव्हती, म्हणजे दख्खनमध्ये पोर्तुगीजांकरवी ती आधीच रुजली होती. अकबराने दोन-चार झुरके घेतले. हकीम घाबरला, म्हणाला, आमच्या ग्रंथांत हे औषध नाही. असद बेग वाद घालत राहिला. अकबराला पुढे सवय लागली नाही, सरदारांना मात्र लागली. योगायोग बघा, त्याच १६०४मध्ये इंग्लंडचा राजा पहिला जेम्स तंबाखूविरुद्ध पुस्तिका छापत होता. १६१७मध्ये जहांगीरने बंदी घातली. चालली नाही.

परवा पाईपवाल्याचा शेवटचा प्रश्न आला. "मग ती खरी मूळ चव, पोव्हाटन लोकांची, ती आता कुठे मिळेल?"

मी लिहिलं : रस्टिका ना? कूचबिहारला. बंगाल, बिहार, गुजरातमध्ये अजून पिकते, हुक्क्यात आणि खायच्या तंबाखूत जाते. न्यू जर्सीतून तीन वर्षं डब्या मागवत होतास, इकडे फलाटावरचा हमाल चुना लावून कदाचित तीच मळत असेल.

त्याचं उत्तर एका शब्दाचं. "नको."

आठवड्यातून एकदाच पेटवतो म्हणे आता. पुढच्या वेळी फोटो आला तर कळवतो. भेटू पुढच्या भागात!