ट्विटर, महापौर आणि दीड टक्का

सॅन फ्रान्सिस्कोत तेव्हा कंपनीच्या पगारखर्चावर दीड टक्का कर होता, नफा असो वा नसो! म्हणजे जितकी माणसं घ्याल तितका भुर्दंड. ट्विटर शेजारच्या ब्रिस्बेनला जायच्या गोष्टी करू लागलं. जानेवारी २०११ मध्ये हंगामी महापौर झालेले एड ली म्हणत होते, निवडणूक लढवणार नाही. एप्रिलमध्ये मार्केट स्ट्रीटच्या ओसाड पट्ट्यात येणाऱ्या कंपन्यांना नव्या नोकऱ्यांवर सहा वर्षं सूट मिळाली. ऑगस्टमध्ये लींनी अर्ज भरलाच (शेवटी राजकारणी!). गुंतवणूकदार रॉन कॉनवे पाठीशी होते, आणि नोव्हेंबरात ली जिंकले. २०१२ मध्ये मतदारांनी तो कर टप्प्याटप्प्यानं उतरवत उलाढालीवर कर आणायचं ठरवलं. मला ही दुरुस्ती त्या सवलतीपेक्षा मोलाची वाटते. सवलत एका पट्ट्यापुरती, नियम शहरभर. याच काळात घरभाडी मात्र भडकली, आणि डिसेंबर २०१३ मध्ये लोकांनी गूगलची बस अडवली.